सही करण्यापूर्वी : फ्रीलान्स ग्राफिक डिझायनर आणि जबाबदारीमुक्तीचे करार

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाचे पत्रक, कुणाच्या मुंजीची आमंत्रणपत्रिका, कुणाच्या नव्या उपाहारगृहाचे मेन्यू कार्ड, ही कामे करणारी एखादी तरी व्यक्ती आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असते. कुणी मुले शाळेत गेल्यावर घरच्या कॉम्प्युटरवर बसते, कुणी नोकरी सोडून पूर्ण वेळ हाच व्यवसाय करते, तर कुणाची कॉलेजातली मुलगी सुट्टीत चार लोगो करून खर्चाला पैसे मिळवते. चित्र काढायला आपण शिकतो, रंग जुळवायला शिकतो, पण काम घेताना ज्या दोन-तीन पानांवर सही करतो ती वाचायला कुणी शिकवत नाही. मलाही कुणी शिकवले नव्हते. त्याची किंमत मी मोजली, म्हणून हा लेख.

२०१६ सालची गोष्ट. एका ओळखीच्या मिठाईवाल्यांनी दिवाळीसाठी रंगीत माहितीपत्रक करायला सांगितले. फी ठरली ६५० डॉलर. हातात काजूकतलीचे ताट घेतलेल्या एका मुलीचा सुंदर फोटो त्यांनीच दिला. "फोटो कुणाचा?" असे मी विचारले, तर म्हणाले, "अहो वहिनी, आपलाच आहे, लावा बिनधास्त." मी लावला. त्यांनी कुठूनतरी मिळवलेला दोन पानी करार पुढे केला, त्यावर सहीही केली. चार महिन्यांनी एका फोटोग्राफरच्या वकिलाचे पत्र आले. फोटो त्यांचा होता, परवानगी कुणीच घेतलेली नव्हती, आणि मागणी होती ४,५०० डॉलरची. तेव्हा मी तो करार प्रथमच नीट वाचला. त्यात लिहिले होते की या कामातून उद्भवणाऱ्या सर्व दाव्यांची भरपाई डिझायनर करील. शेवटी तडजोड २,४०० डॉलरवर झाली आणि ते पैसे माझ्या खात्यातून गेले. ६५० मिळवण्यासाठी २,४०० गमावले. शिवाय वकिलाची फी वेगळी.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा. मी डिझायनर आहे, वकील नाही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात. हा लेख वाचून वकिलाला काय विचारायचे एवढे तुम्हाला समजले, तरी लेखाचे काम झाले.

१. चार शब्द, चार वेगळे अर्थ

करारात हे शब्द एका दमात येतात, म्हणून ते एकच वाटतात. तसे नाही.

रिलीज म्हणजे मोकळीक. "या कारणासाठी मी तुझ्यावर दावा करणार नाही," असे एका पक्षाने दुसऱ्याला लिहून देणे. ही मोकळीक झालेल्या गोष्टीसाठी असते, म्हणजे भांडण मिटवताना दिलेली, किंवा पुढे होऊ शकणाऱ्या गोष्टीसाठी काम सुरू होण्याआधी दिलेली.

होल्ड हार्मलेस म्हणजे "याची झळ मी तुला लागू देणार नाही" असे वचन.

इन्डेम्निटी म्हणजे भरपाईची हमी. तिसऱ्याच माणसाने दावा केला आणि तुमचे नुकसान झाले, तर ते मी भरून देईन. याच्या जोडीला डिफेन्ड हा शब्द बहुधा येतो. तो छोटा दिसतो, पण सर्वांत महाग आहे. त्याचा अर्थ असा की दावा खरा की खोटा हे ठरण्याच्या आधीपासूनच समोरच्याच्या वकिलाचा खर्च तुम्ही करायचा.

लिमिटेशन ऑफ लायबिलिटी म्हणजे मर्यादा. जबाबदारी माझी आहे, पण अमुक रकमेपर्यंतच.

यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा : रिलीज फक्त सही करणाऱ्याला बांधतो. माझ्या मिठाईवाल्यांनी मला पूर्ण मोकळीक लिहून दिली असती, तरी फोटोग्राफर माझ्यावर दावा करू शकलाच असता, कारण तो त्या कराराचा भागच नव्हता. बाहेरच्या माणसापासून वाचायचे तर ग्राहकाकडून भरपाईची हमी हवी. आणि ती हमीसुद्धा ग्राहकाच्या खिशाइतकीच मोठी असते. दुकान बंद पडले तर हमीचा कागद फक्त कागद राहतो. म्हणून करार, काळजी आणि विमा ही तिन्ही लागतात.

२. धोका नेमका कुठून येतो?

चित्रे आणि फोटो : कॉपीराइटच्या उल्लंघनात "मला माहीत नव्हते" हा बचाव चालत नाही. त्याने फार तर रक्कम कमी होते. अमेरिकन कायद्यात, वेळेवर नोंदणी झालेल्या प्रत्येक कलाकृतीमागे कोर्ट साधारणपणे ७५० ते ३०,००० डॉलर भरपाई ठरवू शकते, आणि जाणूनबुजून उल्लंघन केले असेल तर १,५०,००० डॉलरपर्यंत. ग्राहकाने दिलेला फोटो मांडणीत बसवणाराही यात सापडतो.

आपल्याकडे हा प्रश्न देवांच्या चित्रांबाबत फार येतो. "गणपती काय कुणाच्या मालकीचा?" असे आपण सहज म्हणतो. गणपती कुणाच्या मालकीचा नाही, पण कॅलेंडरवरचे त्याचे चित्र एखाद्या चित्रकाराचे असते. राजा रवि वर्मा १९०६ साली वारले, त्यामुळे त्यांची मूळ चित्रे आज सर्वांना खुली आहेत. एखाद्या आजच्या चित्रकाराने काढलेली लक्ष्मी तशी खुली नाही.

माणसांचे चेहरे : फोटो तुम्ही काढला म्हणजे त्यातला चेहरा जाहिरातीत वापरण्याचा हक्क मिळत नाही. याचा इतिहास मनोरंजक आहे. अबिगेल रॉबरसन नावाच्या तरुणीचे चित्र तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापले गेले. सुमारे २५,००० प्रती वाटल्या गेल्या. १९०२ साली न्यू यॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा दावा फेटाळला. त्यावर इतका गहजब झाला की १९०३ साली राज्याने कायदाच केला : जाहिरातीसाठी किंवा व्यापारासाठी कुणाचे नाव वा चित्र वापरायचे तर लेखी संमती हवी, आणि व्यक्ती अज्ञान असेल तर आईवडिलांची. हा कायदा आजही लागू आहे. कॅलिफोर्नियातही असा कायदा असून तिथे किमान भरपाई ७५० डॉलर आहे. म्हणून मंडळाच्या कार्यक्रमात नाचणाऱ्या मुलीचा फोटो नृत्यवर्गाच्या जाहिरातीत वापरायचा असेल, तर तिच्या आईवडिलांची सही आधी घ्या. यालाच मॉडेल रिलीज म्हणतात.

मजकुरातल्या चुका : फोन नंबरातला एक आकडा चुकला तर छपाई वाया जाते. पण मेन्यू कार्डावर "यात शेंगदाणे आहेत" ही ओळ गळाली तर कुणाच्या जिवावर बेतू शकते. औषधाच्या वेष्टनावर मात्रेचा दशांशचिन्हाचा ठिपका सरकला तर तसेच. अशा कामात मजकुराची अचूकता कुणी तपासायची हे लेखी ठरलेच पाहिजे.

बोधचिन्हे आणि नावे : तुम्ही केलेला लोगो दुसऱ्या कंपनीच्या नोंदलेल्या ट्रेडमार्कशी मिळताजुळता निघू शकतो. संपूर्ण शोध घेणे हे वकिलाचे काम आहे, डिझायनरचे नाही.

फॉन्ट : विकत घेतलेल्या फॉन्टचा परवाना सहसा तुमच्यापुरता असतो. फाइलसोबत फॉन्ट ग्राहकाला देऊन टाकणे हे बहुतेक परवान्यांच्या विरुद्ध आहे. देवनागरी फॉन्टनाही हे लागू आहे.

यंत्राने तयार केलेली चित्रे : हा नवा धोका. केवळ कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्राला मानवी निर्मितीशिवाय कॉपीराइट मिळत नाही, ही यू. एस. कॉपीराइट ऑफिसची भूमिका आहे, आणि मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने मानवी लेखक आवश्यक असल्याचे मान्य केले. करारात "हे काम संपूर्णपणे माझी स्वतःची निर्मिती आहे" अशी हमी बहुधा असतेच. चित्र यंत्राकडून करून घेतले असेल आणि तुम्ही तिथे सही केली, तर ती हमी खोटी ठरते. वापरले असेल तर आधी सांगा आणि कागदावर लिहा.

३. करारात काय असावे?

पुढील वाक्ये आशय समजावा म्हणून मराठीत दिली आहेत. प्रत्यक्ष करारात ती वकिलाकडून इंग्रजीत नीट लिहून घ्यावीत.

(अ) ग्राहकाच्या सामग्रीबद्दल : "ग्राहकाने पुरवलेला मजकूर, फोटो, नावे आणि चिन्हे वापरण्याचा हक्क ग्राहकाकडे आहे. त्यावरून कुणी दावा केल्यास डिझायनरच्या बचावाचा खर्च आणि भरपाई ग्राहक करील." हे एक वाक्य माझ्या करारात असते तर माझे २,४०० डॉलर वाचले असते.

(आ) डिझायनरची हमी : आपणही काही द्यायला हवे, नाहीतर करार एकतर्फी होतो. "डिझायनरने स्वतः निर्माण केलेला भाग, त्याच्या माहितीप्रमाणे, कुणाचीही नक्कल नाही." "माहितीप्रमाणे" हा शब्द सोडू नका. जगातल्या प्रत्येक लोगोची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

(इ) प्रूफची मंजुरी : "ग्राहकाने प्रूफ तपासून लेखी मंजुरी दिल्यावर मजकुरातील चुकांची जबाबदारी ग्राहकाची." मंजुरी फोनवर घेऊ नका. "ठीक आहे, छापा" हे त्यांच्याकडून ई-मेलने घ्या आणि कुठल्या फाइलला मंजुरी आहे तिचे नाव व तारीख त्यात असू द्या. मेन्यू आणि वेष्टन यांसाठी अॅलर्जीची यादी वेगळ्या ओळीत तपासून घ्यावी.

(ई) रकमेची मर्यादा : "कुठल्याही कारणाने डिझायनरची एकूण जबाबदारी या कामासाठी मिळालेल्या फीपेक्षा अधिक असणार नाही." तसेच "धंद्यातला बुडालेला नफा यासारखे दूरचे नुकसान" वगळावे. ५०० डॉलरच्या पत्रकावरून कुणी दिवाळीचा सबंध धंदा बुडाला म्हणून ५०,००० मागू नये, यासाठी ही तरतूद आहे.

(उ) पुढचे बदल : काम दिल्यावर ग्राहकाने स्वतः किंवा दुसऱ्याकडून त्यात फेरफार केले, तर त्या फेरफारांची जबाबदारी आपली नाही.

(ऊ) छापखाना : छपाईतील रंगाचा फरक, उशीर, कागद यांची जबाबदारी छापखान्याची, आपण तिथे केवळ फाइल पाठवली असेल तर.

ग्राहकाचाच करार पुढे आला तर तीन ठिकाणी पेन्सिलने खूण करा : भरपाई कोण कुणाला देणार, डिफेन्ड हा शब्द आहे का, आणि रकमेला मर्यादा आहे का. भरपाई फक्त तुमच्याच बाजूने असेल तर "ही तरतूद दोन्ही बाजूंना सारखी असावी" असे सांगा. मोठ्या कंपन्यासुद्धा हे पुष्कळदा मान्य करतात. फक्त विचारावे लागते. कराराचा नमुना म्हणून १९१४ साली स्थापन झालेल्या ए.आय.जी.ए. या डिझायनरांच्या संस्थेचा प्रमाणित करार आणि ग्राफिक आर्टिस्ट्स गिल्डची किमती व नीतिनियमांची पुस्तिका पाहावी.

४. रिलीज काय करू शकत नाही?

सगळे लिहून घेतले म्हणजे काहीही केले तरी चालते, असा समज करून घेऊ नये. स्वतः केलेली फसवणूक किंवा मुद्दाम केलेली इजा यांतून कराराने सुटता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेचे कलम १६६८ हे स्पष्ट सांगते, आणि इतर राज्यांची न्यायालयेही साधारण असेच मानतात. दुसऱ्याचे चित्र चोरून ग्राहकाला "माझेच" म्हणून विकले, तर कुठलीही मर्यादा उपयोगी पडणार नाही.

भांडण मिटवताना दिलेल्या रिलीजबद्दलही दोन गोष्टी सांगते. पहिली, त्यात कुणाकुणाची नावे आहेत ते पाहा. माझ्या तडजोडीच्या पहिल्या मसुद्यात फोटोग्राफरने फक्त दुकानाला मोकळे केले होते. पैसे माझे, आणि मोकळीक दुकानाला! माझ्या वकीलबाईंनी ते पकडले म्हणून बरे झाले, नाहीतर उद्या तोच दावा पुन्हा माझ्यावर येऊ शकला असता. दुसरी, कॅलिफोर्नियात कलम १५४२ नुसार, सर्वसाधारण रिलीजमध्ये सही करणाऱ्याला त्या वेळी माहीत नसलेले दावे आपोआप येत नाहीत. म्हणून तिथल्या कागदांत "कलम १५४२ चा हक्क सोडतो" असे वाक्य बहुधा असते. ते तुमच्या फायद्याचे की तोट्याचे, हे तुम्ही मोकळीक घेता आहात की देता आहात यावर ठरते.

ग्राहकाने उरलेली फी देताना रिलीज पुढे केला, तर आधी चेक जमा होऊ द्या. निदान "पूर्ण रक्कम मिळाल्यावरच लागू" एवढे शब्द घाला.

५. मालकी आणि फी यांचाही संबंध आहे

पुष्कळ जण समजतात की पैसे दिले म्हणजे डिझाइन ग्राहकाचे झाले. अमेरिकन कायदा तसे म्हणत नाही. १९८९ साली सुप्रीम कोर्टाने एका महत्त्वाच्या खटल्यात निर्णय दिला. वॉशिंग्टनमधल्या बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने बाल्टिमोरचे शिल्पकार जेम्स अर्ल रीड यांच्याकडून एक शिल्प करून घेतले. रीड यांनी मेहनतीचे पैसेही घेतले नाहीत, फक्त सामानाचा खर्च घेतला. लेखी करार नव्हता. पुढे मालकीवरून वाद झाला. कोर्टाने एकमताने ठरवले की रीड हे नोकर नव्हते, स्वतंत्र कारागीर होते, त्यामुळे केवळ काम सांगितले म्हणून संस्था कायद्याने त्या शिल्पाची निर्माती ठरत नाही.

स्वतंत्र डिझायनरकडून कॉपीराइटची मालकी बदलायची तर सही केलेला लेख लागतो. तेव्हा करारात लिहा : "संपूर्ण फी आणि ठरलेली हमीपत्रे मिळाल्यावर हक्क ग्राहकाकडे जातील." यामुळे आपल्या हातात एक दोरी राहते.

आता काही ठिकाणी लेखी करार कायद्यानेच आवश्यक झाला आहे. न्यू यॉर्क शहरात २०१७ पासून आणि न्यू यॉर्क राज्यात २८ ऑगस्ट २०२४ पासून, ८०० डॉलर किंवा अधिकच्या कामाला लेखी करार द्यावा लागतो. इलिनॉयमध्ये १ जुलै २०२४ पासून ही मर्यादा ५०० डॉलर, आणि कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून २५० डॉलर आहे. करारात तारीख नसेल तर काम पुरे झाल्यापासून ३० दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. त्यामुळे "करार मागितला तर ग्राहकाला काय वाटेल?" हा संकोच सोडा. "कायदाच तसा आहे हो" म्हणायची सोय झाली आहे.

६. कंपनी आणि विमा

एल.एल.सी. काढली की घर सुरक्षित, असे अनेकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. कंपनीच्या कर्जापासून घराला संरक्षण मिळते, पण ज्या चुका तुम्ही स्वतःच्या हाताने केल्या, त्यांच्यासाठी तुमच्यावर व्यक्तिशः दावा होऊ शकतो. एकट्या डिझायनरच्या बाबतीत बहुतेक चुका स्वतःच्याच असतात.

घराच्या विम्यात व्यवसायाचे दावे सहसा येत नाहीत. कुणी पाय घसरून पडले तर उपयोगी पडणारा सामान्य धंद्याचा विमाही डिझाइनमधल्या चुकांना सहसा लागू होत नाही. त्यासाठी एरर्स अँड ओमिशन्स हा वेगळा विमा असतो. तो घेताना दोन प्रश्न विचारा : कॉपीराइट आणि ट्रेडमार्कचे दावे यात येतात का, आणि मी करारात जादा भरपाई कबूल केली तर तीही यात धरली जाते का? दुसऱ्याचे उत्तर अनेकदा "नाही" असे असते. म्हणजे एकतर्फी करारावर सही केली की विमाही हात वर करतो.

२०२२ पासून कॉपीराइट ऑफिसमध्ये छोट्या दाव्यांसाठी एक मंडळ सुरू झाले आहे. तिथे कमाल भरपाई ३०,००० डॉलर आहे आणि वकील लागतोच असे नाही. आपले डिझाइन कुणी चोरले तर हा मार्ग उपयोगी आहे. तिथून तुम्हालाच नोटीस आली तर ६० दिवसांच्या आत "मला इथे यायचे नाही" असे कळवता येते. पण नोटीस ड्रॉवरमध्ये टाकून देऊ नका.

आणि सगळ्याच्या आधीची गोष्ट : व्हिसा. एच-१बी वर असणाऱ्यांना नोकरीबाहेर असे स्वतंत्र काम घेता येत नाही. एच-४ वर असणाऱ्यांनी वर्क परमिट हातात आल्याशिवाय पैसे घेऊ नयेत.

७. मंडळाचे काम, घरचे काम

"आपल्याच माणसांचे काम, त्यात कसला करार?" हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. रीड यांनीही मेहनतीचे पैसे घेतले नव्हते, तरी प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेच. फुकट काम केले म्हणून जबाबदारी फुकट होत नाही. स्मरणिकेत जाहिरातदाराने दिलेला फोटो छापला, तरी डिझायनर त्यात येतोच. आपल्या कार्यकारिणीने प्रत्येक जाहिरातदाराकडून "सामग्री आमची आहे, त्याची जबाबदारी आमची" अशी एक ओळ सहीनिशी घ्यावी आणि स्वयंसेवक डिझायनरला तिचे संरक्षण द्यावे, अशी माझी सूचना आहे. त्यासाठी अर्जावर एक चौकोन वाढवावा लागेल, एवढेच.

काम घेण्यापूर्वी स्वतःला विचारायचे प्रश्न थोडक्यात असे :

– चित्र, फोटो, फॉन्ट कुणाचे, आणि त्याचा कागद माझ्याकडे आहे का?
– चेहरा दिसणाऱ्या प्रत्येकाची, आणि मुलांच्या आईवडिलांची, सही आहे का?
– भरपाई कोण कुणाला देणार?
– रकमेला मर्यादा आहे का?
– प्रूफची मंजुरी लेखी आली का?
– हे सगळे माझ्या विम्यात बसते का?

त्या मिठाईवाल्यांशी आमचे संबंध अजून चांगले आहेत. दिवाळीला डबा येतो, आणि त्यांची पत्रकेही मीच करते. फरक इतकाच की आता माझा करार पुढे असतो, आणि फोटो दाखवला की ते स्वतःच म्हणतात, "वहिनी, हा खरंच आपला आहे, परवान्याची पावतीपण आणलीय." ती पावती मी घेते, तारीख घालते, फाइलला लावते, आणि मगच कॉम्प्युटर सुरू करते. तुम्हीही तसेच करावे, एवढीच विनंती.